दुसऱ्यांदा मागायचं नाही

माझ्या आईचे वागण्याबोलण्याचे काही नियम होते आणि ते व्हिसाच्या भानगडीत न पडता सरळ आमच्याबरोबर अमेरिकेला आले. कुणाच्या घरी गेलं की चपला दाराशी जोडीने ठेवायच्या. वस्तूंना हात लावायचा नाही. काही खायला दिलं तर आधी ‘नको’ म्हणायचं, फारच आग्रह झाला तर थोडं घ्यायचं, आणि कितीही आवडलं तरी दुसऱ्यांदा मागायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत कडक. नागपूरला तो पाळणं सोपं होतं, कारण तिथल्या काकू आणि मावश्या ‘नको’ हा शब्द कानावर पडलाच नाही अशा थाटात वाढायच्या. मी मान हलवत राहायचे आणि वाटी काठोकाठ भरलेली असायची. ॲरिझोनातल्या चँडलरला आल्यावर वर्गातल्या एका मुलीच्या घरी मी सवयीने ‘नो, थँक यू’ म्हटलं, तर तिच्या आईने ‘ओके, स्वीटी’ म्हणत केकची बशी खरोखरच उचलून आत नेली. घरी येऊन मी हे रडवेल्या आवाजात सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. केक गेल्याचं तिला काही वाटलं नाही, मुलीचं वळण टिकून आहे याचंच समाधान वाटलं.

आम्ही आलो तेव्हा विमानतळांवर नुकतेच सगळ्यांना बूट काढायला लावू लागले होते. मी अकरा वर्षांची होते आणि माझा भाऊ निनाद, म्हणजे निनू, अजून शाळेतही जात नव्हता. बाबा चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होते. तिथे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून वावरायचे. त्या पोशाखातला त्यांचा फोटो बघून निनू घाबरला आणि बाबांना कुठेतरी दवाखान्यात ठेवलंय असं समजून आजीला फोनवर तसं सांगून मोकळा झाला. ती बातमी निस्तरण्यात एक आख्खं कॉलिंग कार्ड संपलं. आमच्या गल्लीतली सगळी घरं एका रंगाची होती, बिस्किटाच्या. अंगणात गवताऐवजी खडी. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, फक्त गॅरेजची दारं घरघरत वर जायची, गाडी आत शिरायची आणि दार पुन्हा खाली यायचं. आईला नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि ऐकायला येई तो एसीचा घूंऽऽ असा आवाज. ती मुद्दाम कुकरच्या जास्त शिट्ट्या करायची. म्हणायची, तेवढंच कुणी बोलल्यासारखं वाटतं.

आता मी हे लिहायला बसले आहे तर आई म्हणते, अजून चाळिशी नाही गाठली आणि आठवणी काय लिहून राहिली? तिचं म्हणणं असं की आत्मचरित्र लिहायला निदान एक गुडघा तरी दुखायला हवा. पण मी गेली काही वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते, आणि त्या वयाच्या मुलांसमोर रोज उभं राहिलं की माणूस लवकर म्हातारं होतं, असं माझं मत आहे. शिवाय टानीबद्दल मी लिहिलं नाही तर मराठीत दुसरं कोण लिहिणार आहे?

टानी मार्ता ही योहानकाकांची आई. योहानकाका दक्षिण आफ्रिकेचे, बाबांच्याच विभागात कामाला, आमच्यापासून चार घरं सोडून राहणारे. बाबा आणि ते एका गाडीतून कामावर जायचे. वडील गेल्यावर ते आपल्या आईला इकडे घेऊन आले होते. त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत कुठल्याही मोठ्या बाईला टानी म्हणायचं आणि कुठल्याही मोठ्या माणसाला ऊम, मग ते नात्यातले असोत नसोत. हे कळल्यावर आईला त्या कुटुंबाबद्दल एकदम विश्वास वाटू लागला. अमेरिकेतली मुलं शेजारणीला सरळ नावाने हाक मारतात याचा तिने मनातून धसका घेतला होता. ‘टानी म्हणजे काकूच की,’ ती म्हणाली, ‘आपल्यातलीच माणसं आहेत.’ आणि ही आपल्यातली बाई बघायला गेलो तर ती होती सहा फूट उंच, उन्हाने रापलेली, पायात नवऱ्याचे लोकरी मोजे आणि त्यावर सँडल, आणि केस स्वतःच्या हाताने, बहुतेक आरशाशिवाय कापलेले.

योहानकाकांनी बाबांना सांगितलं की त्यांची आई लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिते. तिकडे तिच्या गोष्टी ऐकत मुलांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. आता एक नवीन पुस्तक चाललंय, पण तिला समोर बसून ऐकणारं मूल लागतं. त्यांची मुलगी एमिली माझ्याच वयाची, पण ती ऐकत नाही. तर शाळेतून आल्यावर मला थोडा वेळ पाठवाल का? बाबांनी आनंदाने हो म्हटलं. त्यांचा हिशोब साधा होता, मुलीचं इंग्लिश सुधारेल. अशी मी इंग्लिश सुधारायला रोज दुपारी जाऊ लागले आणि आफ्रिकान्स ऐकून परत येऊ लागले. बाबांना हे कळायला बरेच दिवस गेले.

टानी गॅरेजमध्ये लिहायची. गॅरेजचं दार वर केलेलं, आणि मधोमध इस्त्रीचं टेबल, ते उभ्याने कपडे इस्त्री करायचं घडीचं. त्याची उंची पार वरच्या खाचेला लावून ती त्यावर पेन्सिलीने उभी राहून लिहायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, ही बाई सारखी इस्त्री करते. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की तिची मुलं लहान होती तेव्हा घरातल्या प्रत्येक टेबलावर कुणीतरी काहीतरी आणून टाकायचं. इस्त्रीचं टेबल तेवढं रिकामं असायचं, कारण ते उघडं दिसलं की कपडे घड्या करायला बोलावतील या भीतीने कुणी जवळ फिरकायचं नाही. तिची पहिली गोष्ट तिने तिथेच लिहिली, मुलांना गालगुंडं झाली होती आणि सगळी एकाच खोलीत किंचाळत होती म्हणून. ती मेंढ्यांच्या शेतावर वाढलेली. झाडं कमी, दगड जास्त, पाऊस कधीमधी. ॲरिझोनात आल्यावर तिला परकं वाटलं नाही ते त्यामुळेच. म्हणायची, ‘दगड ओळखीचे आहेत, माणसं तेवढी नवी.’ आम्ही दोघी इंग्लिशमध्ये बोलायचो, तिचं खडबडीत आणि माझं लंगडं. दोघींनाही घाई नसल्यामुळे ते पुरायचं.

ती लाल रंगाचा चहा करायची आणि त्याबरोबर रस्क द्यायची. रस्क म्हणजे आपल्या टोस्टचा थोरला भाऊ, दगडासारखा. चहात बुडवला नाही तर दात हातात यायचा. तो मऊ पडायला लागला की तिची गोष्ट सुरू व्हायची. आधी तिच्या भाषेत मोठ्याने, मग पेन्सिलीची चित्रं दाखवत, जिथे अडेल तिथे इंग्लिश. ती भाषा घशात काहीतरी खरवडत बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं टानीला खोकला झालाय. हळूहळू त्यातली गंमत कळू लागली. एकदा मी विचारलं, तुम्ही इंग्लिशमध्ये का लिहीत नाही, तिथे जास्त मुलं असतील. तिचा चेहरा उतरला. ‘माझ्या भाषेत मोठ्या माणसांनी फार वाईट कायदे लिहिले,’ ती म्हणाली. ‘काळ्या माणसांनी कुठे राहायचं नाही, कुठे बसायचं नाही, सगळं ह्याच भाषेत लिहिलं. मी ते गप्प बसून पाहिलं. त्या भाषेत निदान लहानांसाठी तरी कुणी काही बरं लिहावं की नाही?’ तेव्हा मला यातलं निम्मंच समजलं. पुढे कॉलेजात तो सगळा इतिहास वाचला तेव्हा टानीचा तो चेहरा नीट समजला.

गोष्ट होती एका आर्डवार्कची. हा प्राणी मी कधी पाहिला नव्हता. ना धड डुक्कर ना धड ससा, लांब नाक, मोठे कान. तो रोज मुंग्या खायला एक नवं बीळ खणतो आणि सोडून पुढे जातो. त्या बिळात मग दुसरे प्राणी राहायला येतात. टानीने त्याचं नाव ठेवलं होतं ऊम ग्राफ. ग्राफ म्हणजे फावडं. मी मनातल्या मनात त्याचं बारसं केलं, फावडेकाका. नागपूरला आमच्या मागच्या गल्लीत एक फावडे राहायचे, कान तसेच, त्यामुळे मला तो लगेच डोळ्यांसमोर आला. तर एक दिवस मोठ्या गारा पडतात आणि फावडेकाकांना डोकं लपवायला जागा नसते. ते आपणच खणलेल्या एकेका बिळाचं दार वाजवतात, क्लॉप-क्लॉप. आतून आवाज येतो, कोण आहे? रानडुकरीण म्हणते माझी पोरं आत्ताच झोपलीत, साळिंदर म्हणतं माझे काटे टोचतील, मुंगसाची वेगळीच सबब. शेवटी एक कासव त्यांना म्हणतं, अहो, खणायचे हात कुणाला देऊन बसलात? मग फावडेकाका गारांच्या माऱ्यात एक भलंमोठं बीळ खणतात, आत जाऊन बसतात, आणि तेवढ्यात दारावर क्लॉप-क्लॉप. सगळ्यांची बिळं पाण्याने भरलेली. फावडेकाका आतून विचारतात, कोण आहे?

मला ही गोष्ट इतकी आवडली की माझा रस्क कपातच विरघळून गेला. टानीने कागद खाली ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पाठ ताठ केली आणि म्हटलं, ‘व्हेरी नाइस. थँक यू, टानी.’ ती बघतच राहिली. मग म्हणाली, ‘पुरे?’ मी म्हटलं, ‘येस, थँक यू. पुरे.’ आणि कप विसळून घरी आले. पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. टानी गोष्टीत काहीतरी बदलून आणायची, प्राण्यांचा क्रम बदलायची, गारांच्या जागी वारा आणायची, परत गारा आणायची. वाचून झालं की तसंच बघायची, तेच विचारायची, आणि मी दर वेळी माझ्या आईची मान उंच होईल असं उत्तर द्यायचे.

घरी मात्र वेगळाच कारभार होता. निनू जेवायला छळायचा. वरणभाताचा घास गालात धरून ठेवायचा आणि नागपूरच्या आजीची आठवण काढायचा. एका संध्याकाळी मी त्याला भरवताना फावडेकाकांची गोष्ट मराठीत सांगितली आणि ताट साफ झालं. दुसऱ्या दिवशी तो ताटावर बसला आणि म्हणाला, ‘फावडेकाका.’ त्या दिवसापासून त्यातून सुटका नव्हती. टानीच्या सगळ्या सबबी मला आठवायच्या नाहीत, तिथे मी आमच्या घरच्या घालायचे. मुंगूस म्हणायचं, ‘पाहुणे आलेत हो, आजच.’ आणि साळिंदर आतून ओरडायचं, ‘घरी कुणी नाही!’ ह्या साळिंदरावर निनू गडाबडा लोळायचा. घरी कुणी नाही तर बोललं कोण, हे तो रोज नव्याने विचारायचा आणि रोज नव्याने हसायचा. गोष्ट संपायच्या आधीच त्याचं ‘पुन्हा’ सुरू व्हायचं. त्याला आईचे नियम अजून लागू झाले नव्हते.

एके दिवशी गेले तर गॅरेजचं दार खाली होतं. टानी आत टीव्हीसमोर विणत बसली होती. चहा दिला, रस्क दिला, शाळेचं विचारलं. गोष्टीचं नाव काढलं नाही. मी बराच वेळ वाट पाहिली आणि मग, विचारणं आमच्या नियमांत बसत नसल्यामुळे, ‘थँक यू’ म्हणून परत आले. रस्त्यात मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं.

खुलासा बाबांनी केला, रात्री जेवताना. ‘योहान सांगत होता, त्याच्या आईने ते बुक ड्रॉप केलं,’ ते म्हणाले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टानीची आयुष्यभराची एकच कसोटी होती. गोष्ट वाचून झाली की मुलाने आपण होऊन म्हटलं पाहिजे, नॉख. म्हणजे आणखी, पुन्हा. कुठल्याही भाषेत म्हटलं तरी चालेल, पण म्हटलं पाहिजे. ज्या गोष्टीला नॉख मिळालं ती केपटाउनला प्रकाशकाकडे गेली, ज्या गोष्टीला नाही मिळालं ती ट्रंकेत. मुलाला ही कसोटी कधीच सांगायची नाही, कारण परीक्षा आहे हे कळलं की मुलं मोठ्यांना बरं वाटेल असं बोलतात. या गोष्टीला नातीकडून नाही मिळालं, शेजारच्या मुलीकडूनही इतक्या दिवसांत एकदाही नाही. ‘रविवारी सकाळी पब्लिशर बाईंचा फोन येणार आहे. त्यांना ती सांगणार, पुस्तक नाही, आणि आता यापुढेही नाही. म्हणते, जिथे माझ्या भाषेच्या मागे एक मूलही लागत नाही तिथे लिहायचं कशाला? योहान जाम अपसेट आहे, यार.’

आईचा हात वाढता वाढता थांबला. ‘अगं, आवडली नव्हती का तुला?’

‘आवडली. रोज आवडली.’

‘मग पुन्हा सांगा म्हणायचं ना!’

‘तूच म्हणतेस, दुसऱ्यांदा मागायचं नाही.’

‘ते खाण्याचं होतं,’ आई म्हणाली. ‘गोष्टीचं कुणी म्हटलं तुला?’

बाबांना हसू आलं आणि ठसका लागला. आई मात्र हसली नाही. आपण लावलेल्या वळणापायी एका म्हाताऱ्या बाईचं पुस्तक बंद पडलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर तिने मला परत पिटाळलं. मी टानीसमोर उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, मला ऊम ग्राफची गोष्ट पुन्हा ऐकायचीय, खूप वेळा ऐकायचीय. टानीने विणकाम मांडीवर ठेवलं. ‘योहानने तुझ्या बाबांना सांगितलं, हो ना?’ मी मान हलवली. मला खोटं बोलता येत नव्हतं, तोही एक नियम होता. ‘म्हणूनच सांगायचं नसतं,’ ती म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला. ‘तू चांगली मुलगी आहेस. पण चांगल्या मुलींच्या मतावर पुस्तक काढता येत नाही.’ मी घरी आले तेव्हा आईने माझं तोंड बघूनच ओळखलं. तिने फ्रिज उघडला आणि सांबाराच्या जुड्या मोजू लागली. सांबार म्हणजे नागपूरकडची कोथिंबीर. ‘शनिवारी बोलाव त्यांना जेवायला,’ ती बाबांना म्हणाली. ‘सगळ्यांना.’ तिला यातून काय साधायचं होतं ते तिलाही ठाऊक नसावं. आई गोंधळली की लोकांना जेवायला बोलावते.

शनिवारी टानी, योहानकाका आणि एमिली आले. एमिलीची आई नर्स होती, तिला ड्यूटी होती. एमिली शाळेच्या बसमध्ये कानात गाणी घालून मागे बसायची आणि मी तिच्याशी बोलायला धजायचे नाही. टानी तिच्याशी आपल्या भाषेत बोलली की ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, ती औमाची भाषा आहे, माझी नाही. औमा म्हणजे आजी. त्या दिवशी ती तोंड पाडून टेबलाच्या टोकाला बसली. आईने सांबारवडी केली होती, पातोडीचा रस्सा, वडाभात, आणि तिखट कमी घातल्याची शपथ घेतली होती.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. टानीच्या शेतावरचा नियम असा की पानात काही टाकायचं नाही, शेवटचा कणही खायचा. आमच्याकडचा नियम असा की पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये. टानीने पहिली सांबारवडी संपवली, आईने दुसरी टाकली. टानी म्हणाली, ‘नो, थँक यू, लवली, पुरे,’ आईने तिसरी टाकली. टानीने तीही बिचारीने संपवली, म्हणून आईने चौथी. ती वाढत राहिली आणि टानी खात राहिली. दोघी आपापल्या संस्कारांना जागत होत्या आणि योहानकाकांचा चेहरा लाल होत चालला होता. शेवटी टानीने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि विचारलं, माझं इंग्लिश कळत नाही का?

बाबा समजावू लागले. आमच्यात पाहुण्याने नाही म्हणायचं असतं आणि घरच्याने ऐकायचं नसतं. मागायचं तर कुणीच नाही, ते वाईट दिसतं. म्हणून आग्रह करावा लागतो. टानीने हात तसेच धरून ठेवले होते. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘म्हणजे ही मुलगी ‘पुरे’ म्हणते तेव्हा?’

‘तेव्हा तुम्ही वाढायचं असतं,’ बाबा म्हणाले.

टानी हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवून, मग चष्मा काढून डोळे पुसत. आई घाबरून पाणी घेऊन आली. हसू ओसरल्यावर मात्र टानी गंभीर झाली. ‘पण मग मला कळणार कसं?’ ती म्हणाली. ‘खरंच आवडलं की नाही, हे तुमच्यात कळतं तरी कसं?’ बाबांनी हे आईला मराठीत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘निनूला विचारा. त्याला अजून वळण लागलं नाहीय.’

निनू तेवढ्यात घास गालात धरून बसलाच होता. इतकी माणसं बघून तो बिचकेल असं मला वाटलं, पण त्याने टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, ‘फावडेकाका!’ आईने मला डोळ्यांनी खुणावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिची गोष्ट तिच्यासमोर, तीही वाटेल तशी बदललेली, आणि मराठीत. पण निनूचा गाल फुगलेला होता. मी चमचा उचलला आणि सुरुवात केली. टानीला शब्द कळत नव्हते. मग मी टेबलावर बोटाने क्लॉप-क्लॉप केलं आणि ती खुर्चीत पुढे सरकली. साळिंदर ‘घरी कुणी नाही’ म्हणून ओरडलं आणि निनू खुर्चीवरून घसरला. टानीने योहानकाकांना, त्यांनी बाबांना विचारलं, हा एवढा का हसला? बाबांनी सांगितलं. ‘हे माझं नाही,’ टानी म्हणाली. ‘हे माझ्यापेक्षा बरं आहे.’ शेवटचं ‘कोण आहे?’ माझ्या तोंडातून पूर्ण निघायच्या आत निनू ओरडला, ‘पुन्हा!’

त्याचा अर्थ टानीला कुणी सांगितला नाही. ती सावकाश उठली, निनूच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि आपल्या भाषेत म्हणाली, बरं. मग आम्ही दोघींनी मिळून सांगितली, मी मराठीत आणि ती तिच्या खरखरीत आफ्रिकान्समध्ये, एकेक बीळ वाटून घेऊन. दार ती वाजवायची, इतक्या जोरात की ताटं उडायची. निनूला दोन्ही भाषा सारख्याच कळत होत्या असं दिसलं. तो पुन्हा ‘पुन्हा’ म्हणाला, टानीने त्याला कुशीत ओढलं आणि मी पहिल्या बिळापासून परत सुरुवात केली.

‘असं नाही ते.’

एमिली बोलली होती. काटा खाली ठेवून ती माझ्याकडे, आणि माझ्यापेक्षाही आजीच्या कुशीतल्या निनूकडे रागाने बघत होती. रानडुकरीण आधी येत नाही, ती म्हणाली. आधी मुंगूस. कासव शेवटी. साळिंदर काय म्हणतं तेही तिने सांगितलं, शब्दाला शब्द. इतके दिवस कानात गाणी घालून न ऐकलेली गोष्ट तिला सगळी पाठ होती. एमिलीने खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून टानीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि तिची बाही ओढली.

‘औमा, तू सांग,’ ती इंग्लिशमध्ये म्हणाली. ‘पहिल्यापासून. आणि आपल्या भाषेत सांग.’

ताट रिकामं आणि पाहुणीच्या डोळ्यांत पाणी, हे बघून आईने सवयीने वाढायचा चमचा उचलला. बाबांनी हळूच तिचा हात धरला. मग टानीने घसा साफ केला, एमिलीला जागा व्हावी म्हणून निनूला मांडीवर घेतलं, आणि आमच्यापैकी कुणालाही समजावून न सांगता, एकदाही इंग्लिश न आणता, सगळी गोष्ट तिला सांगितली.